“सहा महिन्यांत कोडिंग, महिन्याला लाख”: काउंटरवरून उत्तर

पेरणीचे दिवस आले की एक मेसेज आमच्याकडच्या गावागावांतल्या ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला, त्यात एकदा सख्ख्या भाच्याकडून: “शेती परवडत नाही? नोकरी मिळत नाही? सहा महिन्यांत कोडिंग शिका. डिग्री लागत नाही. कोड तर आता एआयच लिहितो. स्वतःचं ॲप काढा, गुंतवणूक शून्य, गावात बसून महिन्याला लाख कमवा. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीच्या श्रीधर वेंबूंनी खेड्यात राहूनच कंपनी चालवली!” खाली भाच्यानं विचारलं होतं, “मामा, हे खरं हाय न? तुमी तं हेच केलं.”

हेच केलं, पण असं नाही केलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ११ वर्षं कृषी केंद्राच्या, म्हणजे बियाणं, खतं, कीटकनाशकं विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर होतो. ३१व्या वर्षी प्रोग्रामिंग शिकायला बसलो. आज कृषी केंद्रांसाठी बिलाचं अन् उधारीचं सॉफ्टवेअर करतो. आम्ही दोघं जण, गिऱ्हाईकं ४१.

“सहा महिन्यांत.” सहा महिन्यांत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा लिहिता यायला लागली, हे कबूल. त्यासाठी एका क्लासला ४५ हजार भरले. त्याचं सर्टिफिकेट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे. डेटाबेस, म्हणजे माहिती साठवायची मांडणी, खरा कळला तो एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणीच्या व्हिडिओंवरून. तिथं आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात आणि पाहायला एक रुपया लागत नाही. मात्र दुकानदारानं पैसे मोजून घ्यावी अशी वस्तू हातात यायला सव्वादोन वर्षं गेली. दिवसा दुकान, रात्री शिकणं. हंगामात तर तेही बंद.

“डिग्री लागत नाही.” धंद्याला नाही लागत. मी बी.ए. आहे, आजवर एकाही दुकानदारानं विचारलं नाही. पुण्या-नागपूरच्या मोठ्या कंपनीत नोकरी पाहिजे असेल तर फॉर्मवरच डिग्रीचा रकाना असतो. मेसेज या दोन गोष्टी एकाच वाक्यात कोंबतो.

“कोड एआय लिहितो.” लिहितो, खोटं कशाला बोलू? बिल छापायचा भाग आता मीही त्याच्याकडूनच लिहून घेतो. पण त्याला म्हटलं की गिऱ्हाईकांचं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता कर, तर त्यानं मोबाईल नंबर हीच ओळख धरून टेबल दिलं. दिसायला एकदम टापटीप. आमच्याकडं एका मोबाईल नंबरवर बाप, दोन पोरं आणि बटईवाला असे चौघं माल नेतात, अन् खाती चार. गावात एकाच नावाचे तीन कास्तकार असतात. दुकानदाराच्या वहीत ते ‘नाल्याजवळचा’, ‘मास्तरचा’ आणि ‘बुलेटवाला’ असे नोंदलेले. मी टेबलात ‘ओळख’ नावाचा एक मोकळा रकाना टाकला, दुकानदाराला जे लिहायचं ते लिहू दे. सगळ्यात जास्त तारीफ त्याच रकान्याची होते. कोड म्हणाल तर एका ओळीचा. तो रकाना पाहिजे, हे कळायला ११ वर्षं वही लिहावी लागली.

मेसेजशी माझं खरं भांडण इथंच आहे. तो सांगतो, आधीचं सगळं टाका अन् नवीन शिका. मला धंदा जमला तो टाकायला सांगितलेल्या गोष्टीवर.

एकदा एका दुकानदाराचा फोन आला, “भाऊ, कुऱ्हाडेचं खातंच गायब झालं न!” खातं जागच्या जागी होतं. ‘ऱ्हा’मधला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या पद्धतीनं अक्षरं साठवतो तिच्यात, दोन तऱ्हेनं लिहिला जातो: एकतर खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त लावून, नाहीतर साध्या र ला हलन्त आणि त्यामागं डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. नाव टाकलं होतं मोबाईलवरून, शोधत होता संगणकावरून. हे उमजायला मला दोन दिवस लागले. तोवर कुऱ्हाडे उधारी द्यायला येऊन परत गेला होता.

“ॲप काढा.” काढलं की सुटलो, असं मेसेजवाल्याला वाटत असावं. बियाण्यावर जीएसटी नाही, रासायनिक खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८. २२ सप्टेंबर २०२५ ला सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि काही ठरावीक जैविक कीटकनाशकं १२ वरून ५ वर आली. त्या दिवशी माझा फोन सकाळी सातपासून वाजत होता. जुन्या दरानं विकलेला डबा चार दिवसांनी परत आला, तर क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची वजावट दाखवणारी पावती, जुन्याच दरानं निघायला पाहिजे. म्हणजे दर मालाला चिकटवून चालत नाही, तारखेलाही बांधावा लागतो. आणि लाईन गेली, नेट गेलं, तरी समोर उभ्या माणसाचं बिल निघालंच पाहिजे. म्हणून माझं सॉफ्टवेअर दुकानातल्याच संगणकावर चालतं. ॲप मी काढलंच नाही.

“गुंतवणूक शून्य.” जुना लॅपटॉप, इन्व्हर्टर, आणि सगळ्यात मोठा खर्च पेट्रोलचा. आर्णी, दिग्रस, दारव्हा. दुकानदार फोनवर सॉफ्टवेअर विकत घेत नाही, समोर बसून चहा प्यावा लागतो. फुकट जे आहे ते मेसेजमध्ये नाही: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर मोफत होते. मी ती एका खासगी वेबसाइटवर दीड हजार देऊन केली, सरकारी समजून. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांवर जाईपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणीही लागत नाही.

“महिन्याला लाख.” आमच्या धंद्यात महिना नसतो. कास्तकार कापूस निघाला की दुकानदाराला देतो, दुकानदार मग मला. पहिल्या वर्षी मी वार्षिक फी जूनमध्ये मागत होतो, म्हणजे दुकानदाराचा सगळा पैसा मालात अडकलेला असताना. अर्ध्यांनी फोन उचलणं बंद केलं. आता फीची तारीख दिवाळीनंतरची असते. फी ७ हजार, गिऱ्हाईकं ४१, म्हणजे वर्षाचे २ लाख ८७ हजार, तेही सगळे आले तर. त्यातून पेट्रोल काढा आणि दोघांत वाटा. माझी चार एकर कपाशी अन् तूर अजून चालू आहे ती यासाठीच.

वेंबूंबद्दल दोनच वाक्यं. झोहो १९९६ ला ॲडव्हेंटनेट या नावानं सुरू झाली. वेंबू त्याआधी अमेरिकेत पीएचडी करून नोकरी करत होते, आणि तेनकाशी जिल्ह्यातल्या खेड्यात राहायला गेले ते कंपनी सुरू झाल्यावर वीसेक वर्षांनी. आपला मेसेज मधली वीस वर्षं गाळतो.

भाचा कापसाच्या एका जिनिंगमध्ये गाड्यांच्या वजनकाट्यावर बसतो. हे सगळं त्याला लिहिलं नाही. एवढंच विचारलं, “भरलेली गाडी अन् रिकामी गाडी, या दोन वजनांच्या मधात भांडणं कशावरून होतात?” त्याचं नऊ मिनिटांचं व्हॉइस रेकॉर्डिंग आलं. दोनदा ऐकलं आहे. रविवारी वही घेऊन परत ऐकणार आहे.