राज्यशास्त्र घ्या, साहेब व्हा

वसमत रोडला नवीन पाटी लागली आहे. ‘राज्यशास्त्र घ्या, साहेब व्हा.’ खाली क्लासच्या मालकाचा हाताची घडी घातलेला फोटो. परवा संध्याकाळी चहाच्या गाड्यावर त्या पाटीवरून सुरू झालं ते तीन हाफ संपले तरी आवरेना.

सुरुवात अर्थातच बालाजीनं केली. बालाजी इंजिनिअर. ‘डॅशबोर्ड’, म्हणजे सगळे आकडे एका नजरेत दाखवणारा स्क्रीन, हा शब्द म्हटल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही.

“राज्यशास्त्र करून पोरगं काय करणार? सूत्रसंचालन? पॉलिसी म्हणजे डेटा, आणि डेटा आमच्याकडं. डॅशबोर्ड लावला की विषय संपला.”

“तुझ्याकडं गणपतीच्या वर्गणीचा डेटा तरी आहे का?” भागवत म्हणाला. भागवत राज्यशास्त्राचा एमए. एका संस्थेसाठी पाण्या-पिकाच्या टिपणी लिहितो.

“२०१९ चं किती दिवस उगाळणार लेका?”

“हिशेब येईपर्यंत.”

गजू मधेच घुसला. त्याचं बीएचं शेवटचं वर्ष, चेहरा पाटीकडंच. “एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेला ते २६ वैकल्पिक, ऑप्शनल विषय आलेत ना, त्यात मी राज्यशास्त्रच घेऊ का?”

“घे की. दोन पेपर, ५०० मार्क. लेखी १७५०, मुलाखत २७५. पण ती परीक्षा अधिकारी निवडते गड्या. धोरण लिहिणं हा दुसरा धंदा. त्याला ती परीक्षा लागत नाही आणि ती पास झाली म्हणून तो येतही नाही.”

निवृत्त सरांनी घसा खाकरला. “ॲरिस्टॉटल म्हणतो, मनुष्य हा...”

“राजकीय प्राणी आहे!” सगळ्यांनी एका सुरात पुरं केलं. चहावाल्यानंसुद्धा.

“बघा,” बालाजी टेबलावर हात आपटत म्हणाला, “चाळीस वर्षं एवढंच शिकवलं. आमच्याकडं बघा, प्रत्येक महसूल मंडळात पाऊस मोजायचं यंत्र, आकडा मोबाइलवर.”

“पाऊस किती पडला ते तुझा डॅशबोर्ड सांगतो. तो कुणाच्या नावावर धरायचा हे कुठं ठरतं?” भागवतनं विचारलं. “यंत्र मंडळाच्या गावात, ढगफुटी शेजारच्या शिवारात. यंत्रात ६४ मिलिमीटर. अतिवृष्टीला ६५ लागतात. वाहून गेलेल्या सोयाबीनला एक मिलिमीटर कुठून आणून देतोस?”

बालाजीनं बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं.

“पीक विम्याचंच घे,” भागवतनं पेन काढून पेपरच्या कडेला आकडे मांडले. “मागच्या सात वर्षांतली चांगली पाच धरायची, त्यांची सरासरी काढायची. समज, हेक्टरी १२ क्विंटल. जोखीमस्तर, म्हणजे सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत विमा धरतो ते, ७० टक्के. म्हणजे उंबरठा उत्पादन ८.४, त्याच्या खाली गेलं तरच भरपाई. यंदा मंडळाचं ६.३ लागलं. तूट २.१. भागिले ८.४, झाले २५ टक्के. विमा रक्कम ५० हजार असली तर हातात साडेबारा हजार.”

“सोपंय की. एक्सेलमधी दोन मिनिटं.”

“गणित सोपंच आहे. आता सांग, ७० च कामून? केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ७०, ८० आणि ९० असे तीन स्तर. निवड राज्याची. स्तर वाढवला की हप्ता वाढतो, हप्त्याचं अनुदान केंद्र आणि राज्य दोघांनी द्यायचं, म्हणून वित्त विभाग नाक मुरडतो. सातातली दोन वाईट वर्षं वगळतात, पण तिसरं वाईट वर्ष सरासरीत शिरतंच. म्हणजे ज्याच्याकडं दुष्काळ जास्त, त्याचा उंबरठा खाली. मराठवाडा जितका जास्त बुडतो तितका कागदावर कमी बुडालेला दिसतो. आणि तक्रार कुणाकडं? विमा केंद्र सूचीत, ४७ वी नोंद. शेती राज्य सूचीत, १४ वी. मुंबई म्हणते दिल्ली, दिल्ली म्हणते मुंबई. या सूच्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत. ती पाच मार्कांची टीप म्हणून पाठ केलीस तर वाया गेली. अर्ज कुठल्या दारात टाकायचा ते तिच्यावरून कळतं.”

गजू आता मोबाइल खाली ठेवून ऐकत होता. (पाटीवरचा हात घडी घालणारा एवढ्यासाठी पंचवीस हजार घेईल.)

“शासन निर्णय कधी वाचलास का?” भागवतनं त्याला विचारलं.

“व्हॉट्सॲपवर आलेले.”

“पहिलं पान, त्याखाली ‘अभिनंदन’. वरती ‘वाचा’ असं लिहिलेलं असतं ना, जुन्या निर्णयांची यादी, वाचायचं तिथूनच. आधीचा निर्णय काय होता ते कळल्याशिवाय नव्यात काय बदललं ते कळत नाही. मग लेखाशीर्ष बघायचं, म्हणजे खर्च सरकारच्या कुठल्या खात्यावर पडणार त्याचा क्रमांक. २ नं सुरू झालं तर महसुली खर्च, ४ नं झालं तर भांडवली. पीक संवर्धन २४०१. घोषणा मोठी आणि लेखाशीर्षच नाही, तर समजायचं की पैसे अजून वाटेत पण नाहीत. नंतर शुद्धिपत्रक आलंय का तेही शोधायचं. लोक इथंच फसतात. मूळ निर्णय हातात घेऊन भांडायला जातात आणि बाबू शांतपणे शुद्धिपत्रक काढून दाखवतो.”

“आणि खाली राज्यपालांचं नाव कामून असतंय?” गजू.

“अनुच्छेद १६६,” सर इतक्या झटक्यात बोलले की भागवतनं चक्क टाळी दिली.

“पण पोरांना सरासरी आणि मध्यकातला फरक येत नाही, हे तरी मान,” बालाजी.

हे मात्र भागवतनं मान्य केलं. “नाहीच येत. नऊ जणांकडं दोन-दोन एकर, एकाकडं चाळीस. सरासरी ५.८ एकर, मध्यक, म्हणजे रांगेत मधोमध येतो त्याची जमीन, २. सरासरी बघून योजना आखलीस तर नऊ जण बाहेर. संख्याशास्त्र, नमुना निवड, जनगणनेचे तक्ते, हे बीएला मिळत नाही, बाहेरून जोडायचं. आणि टिपणी लिहायला शिकायचं. दोन पानं. प्रश्न काय, पर्याय कोणते, प्रत्येकाला खर्च किती, कोण आडवा येईल, आपली शिफारस काय. आपली पोरं काय लिहितात? प्रस्तावना, व्याख्या, महत्त्व, उपसंहार. मंत्र्याच्या पीएला उपसंहार कशाला पाहिजे? तो दुसऱ्या ओळीत आकडा शोधतो.”

“गुण महत्त्वाला असायचे ना,” सर पुटपुटले.

फेलोशिपचा विषय निघाला. मुख्यमंत्री फेलोशिपला वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के, वर्षाचा अनुभव, जागा ६०. खासदाराबरोबर काम करायची लॅम्प आहे, ती पंचविशीपर्यंत. शिकायचं असेल तर टाटा इन्स्टिट्यूट आपल्या तुळजापुरात.

“किती पडलेत तुला?” बालाजीनं गजूला विचारलं.

“अठ्ठावन्न.”

“डॅशबोर्डवर लाल दिसायलास!”

हशा. गजूनं मान खाली घातली तेव्हा भागवत बालाजीकडं वळला. “चला, सामाजिक अंकेक्षण करू. २०१९, वर्गणी, खजिनदार बालाजी. डीजेचं बिल, मंडपाचं बिल, पावती पुस्तकं. माहिती अधिकारात अर्जच टाकतो. फी १० रुपये, मुदत ३० दिवस.”

“नाही टाकता येत!” बालाजी उसळला. “मंडळ काय सार्वजनिक प्राधिकरण आहे का? ते संविधानानं स्थापन झालं का, कायद्यानं, का शासनाच्या अधिसूचनेनं? सरकारचा भरीव निधी आहे का त्याला? नाही! मग कायदा लागूच होत नाही!”

क्षणभर कुणी बोललं नाही. मग सरच आधी हसायला लागले, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत.

“हे कुठं शिकलास रे?” भागवत.

“तू दरवर्षी धमकी देतोस, वाचावं लागलं.”

“गजू, ऑप्शनल याला विचार,” सर म्हणाले. चहाचे पैसे त्या दिवशी बालाजीला द्यावे लागले. पावती त्यानं मागितली नाही.