खुलासा: ॲरिझोनातली 'डचमनची खाण' सापडलेली नाही

मंडळी, तीन दिवस झाले ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की फिनिक्सजवळच्या सुपरस्टिशन डोंगरात डचमनची हरवलेली सोन्याची खाण सापडली आणि कुदळ घेऊन जा, जे मिळेल ते तुमचं. कृपया हा पुढे पाठवू नका, मी पण आधी एका ठिकाणी टाकला होता, तो काढलाय.

खाण सापडलेली नाही. डचमन म्हणजे जेकब वॉल्ट्झ, तो खरं तर जर्मन, 'डॉइच'चं लोकांनी 'डच' केलं, आणि १८९१ मध्ये तो फिनिक्समध्ये वारला, तेव्हापासून लोक शोधतायत. जवळच गोल्डफील्डला १८९०च्या दशकात खरंच सोनं निघालं, पण ती वेगळी खाण.

मेसेजमधला 'खाणीवरचा खुणेचा सुळका' म्हणजे वीव्हर्स नीडल, पेराल्टा ट्रेल या पायवाटेने फ्रीमॉन्ट सॅडल या खिंडीपर्यंत चढलं की कुणालाही समोर दिसतो, मी स्वतः तिथे उभा राहून बघितलाय, पाण्याची बाटली चहासारखी गरम झाली होती.

आणि 'मिळेल ते तुमचं' हे तर साफ खोटं. तो भाग संरक्षित अरण्य आहे, १९८४ पासून तिथे नवीन खाणीचा हक्क घेता येत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. १९३१ च्या जूनमध्ये ॲडॉल्फ रूथ नकाशा घेऊन हीच खाण शोधायला गेले, डिसेंबरात त्यांची कवटी सापडली. २०१० च्या जुलैमध्येही खाण शोधायला गेलेले तिघं उन्हाने गेले. आत्ता सुट्टीत पोरं हे वाचून निघतील, म्हणून ज्यांना पाठवलाय त्यांना आजच कळवा आणि मेसेज डिलीट करा.