"वहिनी, आता साहेब चोवीस तास तुमचे!"

आज ऑफिसात एका सरांचा निरोप समारंभ झाला. भाषणं नेहमीचीच. शेवटी एकाने माईक घेतला आणि म्हणाला, "वहिनी, आता साहेब चोवीस तास तुमचे!" अख्खा हॉल खदाखदा हसला. वहिनीही हसल्या. ते हसू मी ओळखते. सहा वर्षांपूर्वी आमच्या घरात पाहिलंय.

बाबांना रिटायर होऊन तीन आठवडे झाले होते. आई दोन दिवस मावशीकडे राहून आली, तर स्वयंपाकघर बदललेलं. सगळे डबे उंचीप्रमाणे रांगेत आणि प्रत्येकावर चिठ्ठी, फायलींवर असायची तसल्या टपोऱ्या अक्षरात. 'मीठ'. 'साखर'. अंधारातसुद्धा जिचा हात बरोबर डब्यावर जायचा, ती बाई चष्मा लावून चिठ्ठ्या वाचत उभी! मी हसले होते. फोटोही काढला होता. आज लाज वाटते.

दोन महिन्यांनी आईचं बीपी १६०/१००. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही नवीन घडलंय का? आई म्हणाली, "हे रिटायर झालेत." बाबा शेजारच्याच खुर्चीत होते.

होम्स आणि राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली ताण देणाऱ्या घटनांची यादी केली होती. जोडीदाराचा मृत्यू १०० गुण, लग्न ५०, नोकरीवरून काढून टाकणं ४७, निवृत्ती ४५. त्यातच 'बायकोने नोकरी धरणं किंवा सोडणं' याला २६. नवऱ्याची नोकरी संपून तो दिवसभर घरात बसला, तर बायकोला किती? ती ओळच नाही! जपानमध्ये निदान या दुखण्याला नाव तरी आहे, 'नवरा घरी असल्याच्या ताणाचा विकार' अशा अर्थाचं. आपल्याकडे त्यावर विनोद करतात, माईकवरून.

आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम केलं की स्ट्रोकचा धोका वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आईचे तास कुणी मोजले? तिला निरोप समारंभ कधी?

हो, माहितीये, काहींना निवृत्ती मानवते. छातीवर बसलेला बॉस एकदाचा उतरला की झोप लागते, बीपीही खाली येतं. ठीक आहे. मान्य.

आणि लिहिता लिहिता आता बाबांचंही वाईट वाटायला लागलंय. निवृत्ती ४५ आणि हाकललं तर ४७. दोनच गुणांचा फरक! ते पहिले काही महिने साडेआठला तयार होऊन बसायचे. फोन शंभर टक्के चार्ज, आवाज फुल. वाजायचा नाही. सदतीस वर्षं ज्यांच्या सहीवाचून कागद हलला नाही, त्यांच्यापुढे हलवायला उरले काय, तर डबे. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं? माझ्या तर नाहीच. मी बदलीच्या गावी, रविवारी दहा मिनिटं फोन, "मजा आहे बाबा तुमची!"

(माझा नवरा हे वाचत असेलच. तुझी अठरा वर्षं शिल्लक आहेत. मित्र जमव, काहीतरी शिकून घे. माझ्या कपाटाला हात लावायचा नाही.)

आईने भांडण केलं नाही. एकेक करून चिठ्ठ्या ओल्या फडक्याने पुसून काढल्या. मिठाची तेवढी राहिली, कारण बीपी निघाल्यावर बाबांनी तिच्याखाली लाल पेनाने लिहिलं होतं, 'बेताने'. ती तिने ठेवली. आणि मग एका सकाळी सांगितलं, "रोज दहा ते बारा मला घर रिकामं हवंय."

बाबा जातात. रोज, छत्री घेऊन, पाऊस असो नसो. कुठे जातात ते आई विचारत नाही. गोळी चालू आहे, पण बीपी आता ताब्यात आहे. बाराला पाच कमी असताना ते फाटकापाशी येतात आणि घड्याळ बघत उभे राहतात.