वाड्यातली विंचेस्टर

खान्देशात ज्या घरात जुनी बंदूक आहे त्या घरात तिची एक गोष्टही असते, आणि गोष्टीत औट्रम साहेब हमखास असतो. जेम्स औट्रमने १८२५ साली धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, खान्देशात वाघही मारले, हे खरं. पण कोनाड्यातली ती खालचा लिव्हर ओढून काडतूस भरायची रायफल त्यानेच खूश होऊन पणजोबांना दिली, इथे गाडी अडते. औट्रम वारला १८६३ साली. ती रायफल बनवणारी विंचेस्टर कंपनी निघाली १८६६ साली. आणि हातातली रायफल असते १८९४ चं मॉडेल! हा हिशेब मांडणाऱ्याला त्या घरात पुन्हा भरीत खायला बोलावत नाहीत. म्हणून मी हल्ली नळीवरचे शिक्के वाचतो, मान डोलावतो आणि वांग्याकडे वळतो.

बंदूक वारसाने येते, परवाना वारसाने येत नाही. आजोबा गेले की रायफल आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि त्यात वारसाची बंदूकही धरली जाते. परवान्याची मुदत मात्र तीनाची पाच वर्षं झाली, तेवढंच समाधान. तीन भावांत शेत वाटता येतं, विहिरीच्या पाळ्या लावता येतात. रायफलीचं काय करणार? शेवटी ती ज्याच्या गळ्यात पडते त्याला बाकीचे दोघे आयुष्यभर 'तुला तर बंदूक मिळाली' असं ऐकवतात. बंदूक मिळालेला हा भाग्यवान दर पावसाळ्यात गंज पुसत बसलेला असतो, हे त्यांना दिसत नाही.

तिचा उपयोग काय, हे विचारू नये. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली. रोही, म्हणजे नीलगाय, हरभऱ्यात उभा असला तरी त्याला हात जोडायचे. लग्नात 'एक बार काढ ना भो' म्हणणारे असतातच. आनंदाच्या भरात लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्यापेक्षा डीजे लावावा, वरात तशीही तासभर लांबतेच.

शिवाय बार काढायला काडतूस लागतं. विंचेस्टरच्या या १८९४ मॉडेलचं गाजलेलं काडतूस म्हणजे .३०-३०. आपल्या दुकानात सहज मिळतं ते सरकारी कारखान्यातलं .३१५. दोन्ही आकडे तिसाच्या आसपासचे, तेव्हा 'थोडं घासून बसवू' असं सुचवणारा एक मामा प्रत्येक घरात असतो. या मामाला रायफलीपासून आणि कानशीपासून लांब ठेवावं. त्याच मॉडेलमध्ये .३२ स्पेशल नावाचाही प्रकार येतो. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणी, पण काडतूस एकीचं दुसरीत घालायचं नाही. म्हणून नळीवरचा शिक्का भिंगाने वाचावा, ट्रंकेतल्या खोक्यावरची अक्षरं पुरावा म्हणून धरू नयेत. आणखी एक गोष्ट. हिच्या नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या टोपीला, म्हणजे बुडाशी ठोका बसला की पेटणाऱ्या भागाला, टेकलेलं. म्हणून गोळी सपाट किंवा गोल नाकाची लागते. टोकदार गोळी भरली आणि दणका बसला, तर टोपी मॅगझिनच्या आतच फुटू शकते.

आता स्क्रू. माझ्या मते जुन्या रायफलीचा खरा शत्रू गंज नाही, घरातला पेचकस आहे. बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद असते आणि तिच्या भिंती सरळ असतात. आपला पेचकस असतो पाचरीसारखा, टोकाला बारीक आणि वर जाड. तो फक्त खाचेच्या वरच्या कडांवर बसतो, जोर लावला की उसळून वर येतो आणि कडा चावून टाकतो. टोक खाचेएवढं रुंद हवं, तळापर्यंत पोचणारं आणि दोन्ही बाजूंनी समांतर घासलेलं. स्क्रू हलत नसेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवावं. सकाळी सोल्डरिंगची इस्त्री फक्त स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवावी आणि मग हलक्या हाताने आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित, मग उलट. हातोडीला त्या खोलीत प्रवेश नाही. काढलेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर रायफलीचं चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवावा, कारण दोन सारखे दिसणारे स्क्रू लांबीला सारखे नसतात. आणि लांब स्क्रू आखूडच्या भोकात गेला की लिव्हर अडकतो.

पण हे सगळं करण्याआधी रायफल रिकामी आहे हे पाहायचं. लिव्हर पूर्ण खाली ओढून कोठी डोळ्याने पाहायची, बोटाने चाचपायची आणि मॅगझिनमधलं काडतूस ढकलणारा दट्ट्या दिसतो का ते बघायचं. 'आजोबांच्या वेळेपासून रिकामीच आहे' या वाक्यावर विश्वास ठेवू नये. जुन्या १८९४ ला वेगळा सेफ्टी खटका नाही, घोडा अर्धवट मागे ओढून अडकवायचा तो अर्धा टप्पा हीच सेफ्टी. आपल्या मे महिन्यात अंगठ्याला घाम असतो आणि घोड्याची स्प्रिंग तगडी असते. आतल्या काडतुसावर घोडा उतरवण्याची कसरत घरात करायचीच नाही.

सफाईचं दुखणं वेगळंच. मार्लिन ३३६ या दुसऱ्या कंपनीच्या लिव्हरवाल्या रायफलीचं बरं आहे, लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा दांडा, बाहेर येतात, नळी साफ करायचा गज मागून घालता येतो. फक्त इजेक्टर नावाची पट्टी आतून गुपचूप गळते आणि सतरंजीत लपते, म्हणून खाली पांढरं धोतर अंथरावं. विंचेस्टरचा बोल्ट मात्र इतक्या सहज निघत नाही, त्यामुळे गज तोंडाकडूनच घालावा लागतो. गज तोंडाच्या कडेला घासला की गोळी सरळ जायचं बंद होतं. पितळेचा शंकू लावून गज मधोमध ठेवायचा किंवा सरळ दोरीचा ओढा वापरायचा. लिव्हर उघडून आत फडकं कोंबायचं, नाहीतर नळीतली सगळी घाण खालच्या यंत्रात जाऊन बसते. जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार नळीत राहतो आणि जुलैच्या हवेतलं पाणी ओढून घेतो. तो तेलाने जात नाही. आधी कढत पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल.

तेलावरून घराघरांत मतभेद आहेत. शेंगदाण्याचं तेल लोखंडाला लावू नये, ते चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण थेंबभर. आपल्याकडे तेल लावणं म्हणजे मालिश करणं, आणि जास्तीचं तेल हळूहळू दस्त्याच्या लाकडात उतरून ते मऊ करतं. म्हणून ठेवताना नळीचं तोंड खाली. दस्त्याला मात्र जवसाचं तेल हवं. आमच्याकडे जवस चटणीत जातो, तेव्हा बाटली ओळखीची असते. पण कच्चं तेल वाळता वाळत नाही, हार्डवेअरच्या दुकानातलं वाळणारं घ्यावं. बोटाने पातळ चोळायचं, पुसायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरायचं, मगच पुढचा हात. जाड थर दिला तर महिनाभर तळहात चिकटतो. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात फेकलं तर ते आपोआप पेटू शकतं, आणि आपला मे त्याला मदतच करतो. फडकं मोकळं पसरून वाळवावं.

'जरा मॉडर्न कर ना' म्हणणारे पुतणे याच सुमारास येतात. त्यांना दुर्बीण हवी असते. जुनी १८९४ रिकामं काडतूस वरच्या बाजूने फेकते, बरोबर दुर्बिणीच्या पोटावर. शिवाय भोकं पाडली की जुन्या रायफलीची किंमत पडते. मग मोटारसायकलच्या सायलेन्सरसारखं चकाचक क्रोम सुचतं. क्रोमच्या आधी बफिंग होतं, बफिंगमध्ये धारदार कडा गोल होतात आणि नंबर पुसट होतो. नंबर पुसलेली बंदूक शस्त्र कायद्याच्या कलम ८ मध्ये बसते. नळी आखूड करायची हौस कलम ६ मध्ये. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच. काळा-निळा रंग नव्याने चढवायचा असेल तर आधी रायफल १९६४ च्या आधीची की नंतरची ते ठरवावं, नंतरच्या कित्येक रायफलींच्या पोलादावर नेहमीचा रंग नीट धरत नाही, जांभळट होतो. पुतण्याने फारच धरलं तर लिव्हरला कातडी पट्टी गुंडाळू द्यावी, ती काढता येते.

हे सगळं निगुतीने करावं आणि निवडणूक लागते, की रायफल पुन्हा ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. लोकशाही भक्कम आहे याचा पुरावा हवा असेल तर जमा होऊन आलेली रायफल पाहावी, प्रत्येक आचारसंहितेचा एकेक डाग तिच्यावर सापडतो. जमा करण्याआधी पातळ तेलाचा हात द्यावा आणि सुती फडक्यात गुंडाळावी. चामड्याची म्यान किंवा फोमची पेटी नको, दोन्ही ओल धरतात. नंबर, दस्ता आणि दोन्ही बाजू यांचे फोटो काढून ठेवावेत. पावतीवर नंबर, बोअर म्हणजे नळीचं माप, काडतुसांची संख्या आणि सध्याची स्थिती लिहून घ्यावी. हवालदार हे सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि पावतीवर लिहितात : 'बंदूक जुनी, नग एक.'