तालुक्यापर्यंत सांगेन, पुढचं नाही

सकाळी धार काढून झाली, चहा टाकला आणि मोबाईल बघितला, तर शेतकऱ्यांच्या ग्रुपवर ॲडमिनदादांचा मेसेज. रविवारपर्यंत प्रत्येकानं नावापुढं गाव, तालुका, जिल्हा लिहायचा आणि शेताचं लोकेशन एकदा ग्रुपवर टाकायचं. टाकणार नाही त्याला काढून टाकणार. खाली अंगठ्यांची ही रांग. त्यात एका भावानं लिहिलं होतं, "ज्याच्या मनात काही नाही त्याला गाव सांगायला काय होतंय?"

दिवसभर तुरीची धसकटं वेचली आणि दिवसभर तेच एक वाक्य डोक्यात. काय होतंय?

काय होतंय ते आज सांगते. चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, सख्ख्या भावालाही नाही. त्याला सांगितलं असतं तर तो एकच म्हणाला असता, शेत बटईनं दे आणि लेकराला घेऊन लातूरला ये.

२०२२ चा जुलै. त्या वर्षी आमच्या लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीनवर गोगलगायी आल्या होत्या, आठवत असेल सगळ्यांना. रात्री बघावं तर ओळ हिरवी, सकाळी बघावं तर नुसते देठ. दुबार पेरणीला पैसे नव्हते. मी ग्रुपवर फोटो टाकला. तेव्हा ग्रुपचा नियम असा होता की जीपीएस कॅमेऱ्यानं काढलेलाच फोटो टाकायचा, म्हणजे फोटोखाली गाव, तारीख, वेळ आणि ते अक्षांश-रेखांशाचे आकडे छापून येतात. ई-पीक पाहणीमुळं, म्हणजे पिकाची सरकारी नोंद मोबाईलवरून करायची ती, आणि नुकसान झाल्यावर ७२ तासांत करायच्या विम्याच्या तक्रारीमुळं आपल्याला सगळ्यांनाच तशा फोटोची सवय लागली होती. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. टाकला.

अर्ध्या तासात उत्तरं आली, ती खरंच कामाला आली. बारदान गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधाकडेनं टाका, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या वेचून मिठाच्या पाण्यात बुडवा. मेटाल्डिहाईडच्या गोळ्या कुठं आणि कशा टाकायच्या तेही कुणीतरी सांगितलं. ॲडमिनदादांनी तर स्वतः फोन करून विचारलं, ताई, किती क्षेत्र गेलं. हे मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी बारदानं टाकत होते. लेक बांधावर बसली होती, सात वर्षांची होती तेव्हा. आमचं घर शेतातच आहे, गावापासून लांब. एक मोटारसायकल थेट वावरापर्यंत आली. रस्ता विचारत आला नव्हता तो, मोबाईल बघत आला होता. म्हणाला, "ताई, मी पण ग्रुपमध्येच आहे. फोटो बघितला, म्हटलं जवळच आहे तर बघून यावं." पाणी मागितलं, दिलं. किती एकर आहे, विचारलं. बोअरला पाणी किती, विचारलं. शेडमध्ये डोकावला. मग म्हणाला, "मालक कुठंयत?"

माझे मालक २०२० ला गेले.

मी म्हणाले, "गावात गेलेत, येतेतच आता." आणि रस्त्याकडं बघितलं, कुणी येत असावं तसं. तो अजून पाच-दहा मिनिटं थांबला आणि गेला. बास. एवढंच. हात लावला नाही, वाकडं बोलला नाही. पोलिसात जाऊन काय सांगणार? पाणी प्याला म्हणून?

पण तो गेल्यावर लेक बांधावरून उठून आली आणि म्हणाली, "मम्मी, पप्पा खरंच येणारेत?"

तर दादा, हे होतंय गाव सांगायला.

इथं माझ्या फ्रेंडलिस्टच्या यादीत ज्या बाया आहेत त्यांना पुढचं काही समजावून सांगायची गरज नाही. एकटीनं शेत करणारी, एकटीनं दुकान चालवणारी, नवरा उसाला किंवा पुण्याला गेलेला आणि घरी सासू-लेकरं सांभाळणारी, प्रत्येकीनं कधी ना कधी दारात उभं राहून "येतेतच आता" म्हटलेलं आहे. मला पुरुषमाणसांना सांगायचंय. तुम्ही गाव सांगता तेव्हा फक्त गाव सांगता. मी गाव सांगते तेव्हा माझ्या घरात रात्री कोण असतं आणि कोण नसतं, तेही सांगून बसते. विधवा बाई, शेतातलं घर, गावात कुणालाही विचारा, बोट दाखवतील.

मोबाईल नंबर तर ग्रुपमध्ये असला की सगळ्यांना दिसतोच. रात्री अकराला "झोपल्या का ताई" येतंच. ते मी बघून घेते, नंबर ब्लॉक करते, विषय संपतो. वावर कसं ब्लॉक करू? ते काय उचलून दुसरीकडं ठेवू?

आता कुणी म्हणेल, आपल्याकडं गाव विचारायचीच रीत आहे. आहे ना. मला ती आवडते. एसटीत शेजारी बाई बसली की तिकीट काढायच्या आधी "कुठलं गाव म्हणावं?" होतंच. आणि मग औसा मोडापर्यंत आमच्या मावसबहिणीच्या नणंदेचं गाव निघतं, तिची वांग्याची भाजी निघते, बाळंतपण निघतं. माझं माहेर भूकंपातलं. १९९३ ला मी नऊ वर्षांची होते. गाव उठून दुसरीकडं वसलं, घरांना नंबर पडले, तरी आजही आमच्याकडं माणूस "जुन्या गावात कुठं होतं तुमचं घर?" असंच विचारतो आणि त्या एका प्रश्नावर दोन अनोळखी बाया गळ्यात पडून रडलेल्या मी बघितल्यात. गाव सांगण्यात काय असतं ते मला नका शिकवू.

पण एसटीत मी तिचा चेहरा बघते. ती विचारते, मीही विचारते. नको वाटलं तर खिडकीबाहेर बघते. ग्रुपमध्ये हजारभर माणसं मला बघणार आणि मी त्यातली वीस ओळखणार. ते काही न सांगता नुसते वाचत बसणार. त्या मोटारसायकलवाल्यानं त्याच्या आधी ग्रुपवर एक ओळ लिहिलेली नव्हती. मी नंतर वर जाऊन जाऊन शोधलं.

आणि मराठवाड्यात आत्ता या घडीला गाव विचारणं एवढं साधं राहिलंय का? गावावरून आडनाव, आडनावावरून जात, हे दोन-तीन वर्षांत कसं झालंय ते आपण सगळ्यांनी बघितलंय. बीडला २०२५ मध्ये पोलिसांच्या पाट्यांवरून आडनावं काढावी लागली, नुसतं नाव ठेवलं. वर्दीतल्या माणसाला जे ओझं झालं ते आपण ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या गळ्यात बांधायला निघालोय. आजवर खोडकिडीवर औषध सांगणारा फक्त खोडकिडीवर औषध सांगत होता. उद्या त्याच्या नावापुढं गाव दिसलं की आधी तेच बघितलं जाईल. मला नकोय ते. हा एकच ग्रुप आहे जिथं मला अजून माणसांची आडनावं माहीत नाहीत.

दादांनी नियम का काढला तेही मला माहीत आहे. मागच्या हंगामात एकानं घरचं बियाणं चांगलं म्हणून विकलं, आगाऊ पैसे घेतले आणि फोन बंद. ग्रुपमधल्या काही जणांचे पैसे बुडाले. वाईटच झालं, त्यांच्या जागी मी असते तर मीही चिडले असते.

पण त्यानं तर नावापुढं गाव लिहिलेलं होतं! तुम्हीच सगळे नंतर म्हणालात की त्या गावात असा कुणी माणूसच नाही. लोकेशनचंही तेच, नकाशावरची कुठलीही जागा पाठवता येते. ज्याला फसवायचंय तो दुसऱ्याच्या शेताचं लोकेशन टाकून मोकळा होईल. खरं लोकेशन कोण टाकेल? आमच्यासारखे. म्हणजे चोर सुटला आणि आमच्या घराची कडी काढून ठेवली.

आणि लोकेशनशिवाय सल्ला देता येत नाही, हे मला पटत नाही. पावसाचं म्हणाल तर सरकार अतिवृष्टी कशी धरतं? महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस. पीकविम्यालाही मंडळच. मंडळात वीसेक गावं तरी येतात. तेवढ्यावर सरकारचं भागतं आणि ग्रुपचं भागत नाही? माझं रान काळं भारी आहे की माळाचं हलकं आहे हे मी लिहून सांगेन. किती पाऊस झाला सांगेन. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरणीची मूठ धरायची नाही, हे सांगायला माझं घर कुणी नकाशावर बघायची काय गरज आहे?

मीही दिलंय ग्रुपला काहीतरी. गेल्या वर्षी घरच्या बियाण्याची उगवण कशी तपासायची ते मीच फोटो टाकून दाखवलं होतं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं, मग मोड आलेले मोजायचे, सत्तरच्या खाली आले तर बियाणं वाढवायचं नाहीतर बदलायचं. कितीतरी जणांनी करून बघितलं, त्यांच्या गोणपाटाचे फोटो टाकले. त्या दिवशी कुणी विचारलं नाही, बाई, तू कुठली.

मला राग कशाचा येतो सांगू? आपली माणसं पटकन म्हणतात, "लपवायचं काय त्यात." २०२४ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जामिनावर सुटलेल्या आरोपीलासुद्धा नकाशावरची पिन पोलिसांना देत राहा अशी अट घालता येत नाही, कारण त्यालाही त्याचं खाजगी आयुष्य आहे. आरोपीला! आणि मी गोगलगायीचं औषध विचारणारी बाई. एक्सनं, म्हणजे आधीच्या ट्विटरनं, २०२५ च्या नोव्हेंबरात अकाउंट कुठल्या देशातून चालतं ते दाखवायला सुरुवात केली, त्यात कित्येकांचं पितळ उघडं पडलं, चांगलं झालं. पण त्यांनीही देश किंवा प्रदेशच दाखवला. घराची वाट नाही दाखवली.

एवढा वेळ तावातावात लिहिलं. आता सासूबाई जेवायला हाक मारूलाल्यात, त्या म्हणतात कुणाशी भांडूलालीस गं मोबाईलवर. भांडत नाही आत्या.

एक गोष्ट मान्य करते, नाही केली तर खोटं होईल. २०२५ च्या सप्टेंबरातला पूर. परांड्याकडं माणसं पाण्यात अडकली, हेलिकॉप्टरनं काढावी लागली. तेव्हा लोकेशन पाठवता येणं म्हणजे जीव होता. आमच्याकडंही त्या रात्री ओढा वावरात शिरला आणि मी स्वतः भावाला आठ तासांचं लाइव्ह लोकेशन लावून दिलं. लेकीला म्हटलं, मामाला आपण दिसतोय, घाबरू नको. ती खरंच झोपली त्यावर.

पण ते मी दिलं. ज्याला द्यायचं त्याला दिलं, आठ तासांपुरतं दिलं, सकाळी पाणी उतरल्यावर बंद केलं. भाऊ मोबाईल बघून आला असता तर मी दारात पळत गेले असते. तो मोटारसायकलवाला पण मोबाईलच बघून आला होता.

संध्याकाळी मला ग्रुपमधल्याच एका ताईंचा वेगळा मेसेज आला. परभणी जिल्ह्यातल्या. "मी रविवारच्या आधीच निघते, उगं काढलं म्हणून नाव नको." शेळ्यांचं त्यांच्याइतकं कळणारं ग्रुपमध्ये कुणी नाही. माझी शेळी अडली होती तेव्हा रात्री दोनला त्या फोनवर होत्या. तेव्हाही मी त्यांचं गाव विचारलं नाही, आजही मला माहीत नाही. अशा किती बाया कारण न सांगता निघून जातील आणि तुम्ही म्हणाल, बायका ग्रुपमध्ये टिकतच नाहीत.

लेक आता अकरा वर्षांची आहे. मोबाईल तिच्याही हातात असतो. परवा ती शाळेच्या कुठल्यातरी ग्रुपवर स्वतःचं गाव टाइप करत होती, मी एकदम ओरडले. ती दचकली. मग मला रडू आलं. तिला कारण सांगता येईना. तिला तो दिवस आठवतो का, हेही मी कधी विचारलेलं नाही.

ॲडमिनदादा, तुम्ही इथंही माझ्या यादीत आहात म्हणून इथं लिहितेय, फोनवर मला हे बोलता आलं नसतं. तुमचं मन वाईट नाही, मला माहीत आहे. मी नावापुढं "औसा, लातूर" लिहिते. पाऊस मंडळाचा सांगत जाईन. कुणाला शेत बघायला यायचंच असेल तर आधी फोन करावा, मी भावाला बोलावून घेईन, चहा करेन. लोकेशन मात्र टाकणार नाही. ज्या बाया टाकणार नाहीत त्यांनाही काढू नका.

आणि काढणारच असाल तर रविवारच्या आधी माझ्या कालच्या प्रश्नाचं तेवढं उत्तर द्या. घरच्या सोयाबीनची उगवण यंदा शंभरात बासष्टच आलीय. एकरी किती किलो धरू?