आत्मसंतुष्ट: दोष शब्दात नाही

लेखात ‘आत्मसंतुष्ट’ हा मुळातच दूषण देणारा शब्द म्हटला आहे, ते पटत नाही. गीतेत ‘आत्मन्येव च सन्तुष्टः’ (३.१७) ही चक्क स्तुती आहे. मनुस्मृतीत (२.६) तर ‘आत्मनस्तुष्टि’ धर्माच्या मुळांत गणली आहे. बाहेरच्या कशावर ज्याचं समाधान अडत नाही, तो तिथला संतुष्ट. आज आपण मात्र ‘टीम आत्मसंतुष्ट झाली आणि हरली’ म्हणतो. म्हणजे प्रयत्न थांबले.

स्वतःवरच खूश असणाऱ्या माणसासाठी गीतेत शब्द वेगळाच आहे: ‘आत्मसंभाविताः स्तब्धाः’ (१६.१७). संभावित म्हणजे मान दिलेला. इथे मान देणाराही आपणच. आपली पाठ आपणच थोपटणं, तेच हे. स्तब्ध म्हणजे ताठ. मराठीत तो शब्द नुसता निश्चल, अवाक उरला, तेव्हा अर्थ लावताना फसायला होतं.

व्युत्पत्ती सरळ आहे: सम् + तुष् + क्त (म्हणजे ‘झालेला’ या अर्थाचा ‘त’ प्रत्यय). धातूतल्या ष्-मुळे प्रत्ययाच्या त-चा ट होतो, म्हणून ‘संतुष्ट’. लेखात दोनदा ‘संतुष्ठ’ पडलंय. हा ‘गर्विष्ठ’, ‘श्रेष्ठ’ यांचा संसर्ग; त्यांत ‘इष्ठ’ प्रत्यय आहे, इथे नाही.

आणि ‘तुष्टीकरण’मधली दीर्घ ‘ष्टी’ बरोबरच आहे, कृपया ऱ्हस्व करू नका. तिथे ‘तुष्टि’ नाही, ‘तुष्ट’ आहे. जे तुष्ट नव्हतं ते तुष्ट करणं, हा अर्थ देणारा संस्कृतातला च्वि प्रत्यय; त्याने शब्दाच्या शेवटच्या ‘अ’चा दीर्घ ‘ई’ होतो. शुद्ध, शुद्धीकरण तसंच.