तासगावचं ऊन आणि गुडघ्याचा पट्टा

सर, नमस्कार.

लाल आणि अवरक्त प्रकाशाने दुखण्यावर उपचार करण्याविषयीच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "उन्हात निम्मी ऊर्जा अवरक्तच असते. तासगावच्या द्राक्षबागांत जन्मभर उन्हात राबलेल्या बायकांचे गुडघे मग का दुखतात? तुमचा लेख म्हणजे पट्टे विकणाऱ्यांची फुकटची जाहिरात." सांगलीच्या प्रदर्शनात काकूंसाठी असाच एक दिव्यांचा, गुडघ्याला बांधायचा पट्टा दाखवून 6,000 रुपये मागितले, हेही लिहिलंत. रागाचं कारण कळलं.

उन्हाचा मुद्दा बिनतोड आहे, म्हणून आधी तोच घेतो. भर दुपारी दर चौरस सेंटीमीटरवर साधारण 100 मिलिवॅट ऊन पडतं. त्यातलं 40 च्या आसपास निअर इन्फ्रारेड (लालच्या लगतचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश) धरा, म्हणजे मिनिटाला दोन ज्यूलच्या वर ऊर्जा. दिव्यांचे पॅनेलही बरेचदा याच घरातला डोस देतात. यंत्रातून काही अलौकिक किरण येतात असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा.

पण त्यावरून 'या प्रकाशाचा शरीरावर काही परिणामच नाही' असं ठरत नाही. बाईचा गुडघा उन्हात असतो कुठे? तो लुगड्याखाली, आणि सांधा त्याहून आत. कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा. 660 आणि 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा (म्हणजे लाल आणि निअर इन्फ्रारेड) प्रकाश बोटातून आरपार जातो, त्यावरच तो चालतो. पण ते बोट आहे. जाड मांसातून जाताना प्रकाश दर काही मिलिमीटरला झपाट्याने विरतो. शिवाय डोसचं गणित सरळ वाढत जात नाही: थोडा प्रकाश पेशीला चालना देतो, फार झाला की परिणाम थांबतो किंवा उलटतो. त्यामुळे दिवसभराचं ऊन म्हणजे मोठा औषधी डोस, असं धरता येत नाही. आणि वर्षानुवर्षं उकिडवं बसून, पाट्या उचलून झिजलेली कूर्चा कुठल्याच दिव्याने परत येत नाही.

पेशीत नेमकं काय होतं? 1967 मध्ये बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांना लेसर दिलेल्या उंदरांच्या भादरलेल्या जागी केस लवकर उगवलेले दिसले, आणि हा विषय सुरू झाला. पुढे रशियाच्या टीना कारू यांनी मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या) सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या एन्झाइमकडे बोट दाखवलं. त्यात तांबं आणि हीम (लोह असलेला घटक) असतं, ते हा प्रकाश शोषतं. त्याला चिकटलेला नायट्रिक ऑक्साइड प्रकाशाने सुटतो, ऑक्सिजनला जागा होते, पेशीचं इंधन असलेलं एटीपी वाढतं, असं मांडलं गेलं. मांडणी देखणी आहे. पण 2019 मध्ये हे एन्झाइम नसलेल्या पेशीही 660 नॅनोमीटरच्या प्रकाशाला प्रतिसाद देताना दिसल्या. त्यामुळे मी लेखात 'असं मानतात' म्हटलं होतं, 'असं असतं' नव्हे. तुम्ही तो शब्द ओलांडून पुढे गेलात.

आता माणसांवरचं. कॅन्सरच्या उपचारात तोंड आतून सोलवटतं, घास गिळवत नाही. तंबाखूने आपल्या भागात काय चालवलंय ते मिरजेच्या कुठल्याही दवाखान्यात दिसेल. तोंडातल्या या जखमांवर लाल आणि निअर इन्फ्रारेड प्रकाशाचा उपयोग होतो, त्याला उपचारांची पारख करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेनेही 2018 मध्ये मान्यता दिली. तिथे प्रकाश थेट तोंडाच्या पातळ अस्तरावर पडतो. उलट पक्षाघातात 808 नॅनोमीटरचा लेसर कवटीबाहेरून देऊन पाहिला, तर तिसरी मोठी चाचणी उपयोग दिसेना म्हणून मध्येच बंद करावी लागली.

गुडघा या दोहोंच्या मधला. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2019 च्या एका अभ्यासात योग्य डोसच्या लेसरने वेदना कमी झाल्या, तुटपुंज्या डोसने नाहीत. पण तेही लेसरने. पट्ट्यातल्या दिव्यांना ते श्रेय आपोआप मिळत नाही. आणि फिजिओथेरपीतला लाल दिवा वेगळाच, त्याचं काम मुख्यतः शेक देण्याचं.

काकूंना आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मांडीचे व्यायाम सुरू करू द्या. पट्टेवाल्याला तीनच गोष्टी विचारा: नॅनोमीटर किती, चौरस सेंटीमीटरला मिलिवॅट किती, किती मिनिटं लावायचा. खोक्यावर यातलं काहीच नसून नुसतंच 'जर्मन टेक्नॉलॉजी' असेल, तर 6,000 रुपये खिशातच राहू द्या.